आमची वाटचाल : मातीच्या तपासणीपासून लँडफिलच्या अस्तरापर्यंत

आमच्या व्यवसायाची सुरुवात माती तपासण्यापासून झाली. इमारतींचे पाये आणि रस्त्यांचे भराव यांसाठी नमुने तपासून अहवाल देणे, एवढेच त्या काळी आमचे काम होते. पुढे लँडफिलच्या, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेच्या, तळाशी घालावयाच्या चिकणमातीच्या अस्तराची कामे येऊ लागली. प्रयोगशाळेत पाणी उत्तम अडवणारी माती उघड्या खड्ड्यात ऊन लागताच भेगाळते, हे तेथे वारंवार दिसले आणि आमच्या कामाची दिशा बदलली.

कचऱ्यातून झिरपणारे दूषित पाणी, म्हणजेच लिचेट, भूजलापर्यंत जाऊ नये म्हणून हे अस्तर घालतात. दाबून बसवलेल्या मातीची पार्यता, म्हणजे तिच्यातून पाणी झिरपण्याचा वेग, सेकंदाला मीटरच्या एक अब्जांश भागाहून अधिक नसावी, अशी अट बहुतेक नियमांत असते. अस्तरावर साचणाऱ्या पाण्याचा दाब बेताचा ठेवला, तर या हिशेबाने वर्षाकाठी सुमारे ३ सेंटिमीटर, म्हणजे हेक्टरमागे साधारण ३१५ घनमीटर पाणी तरीही झिरपतेच. म्हणूनच मातीवर बहुधा प्लास्टिकचे जाड आवरणही घालतात. मुळीच न पाझरणारे अस्तर आम्ही पाहिलेले नाही आणि तसे आश्वासनही कोणाला देत नाही.

अडचण मातीच्या स्वभावातच आहे. चिकण अंश जितका अधिक, तितका पाझर कमी. परंतु सुकताना तीच माती अधिक आकसते आणि एका आरपार भेगेने साऱ्या थराचे काम वाया जाते. औष्णिक वीज केंद्रातील राख येथे उपयोगी पडते. तिचे बारीक, न चिकटणारे कण मातीत मिसळले की आकसणे कमी होते, आणि जोडीला चुना असल्यास राखेतील सिलिका व अॅल्युमिना यांच्याशी त्याची अभिक्रिया होऊन सिमेंटसारखा बंध हळूहळू तयार होतो. ओतकाम कारखान्यातील वापरलेल्या साच्याच्या वाळूत बेंटोनाइट, म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती, बहुधा मुळातच असते, त्यामुळे भरड मातीला ती चांगली साथ देते. पोलाद कारखान्याची बारीक दळलेली धातुमळी आणि सिमेंट भट्टीची धूळ यांवरही आम्ही काम केले आहे. मात्र राखेइतका भरवसा मला त्यांचा वाटत नाही.

राखेच्या बाबतीतही 'राख' एवढे म्हणून भागत नाही. कोळसा बदलला की तिच्यातील चुन्याचे आणि न जळलेल्या कार्बनचे प्रमाण बदलते, म्हणून प्रत्येक खेप स्वतंत्रपणे तपासावी लागते. चुन्याचे प्रमाण जास्त असलेली राख पाणी लागताच घट्ट होऊ लागते. मिसळल्यानंतर रोलर उशिरा फिरला, तर अर्धवट जमलेले गोळे दाबले जात नाहीत, घनता घटते आणि पाझर वाढतो. त्यामुळे आमच्या माणसाचे जेवढे लक्ष ओलाव्यावर, तेवढेच घड्याळावर असते. ताज्या थरातील ढेकूळ उचलून तो हाताने फोडतो. आत राखेचे करडे पट्टे किंवा कोरडा गाभा दिसला, तर थर उकरून पुन्हा मिसळायला लावतो. ठरलेल्या ओलाव्यापेक्षा किंचित कोरड्या मातीवर रोलर झरझर चालतो आणि घनताही कागदावर बरोबर येते, म्हणून कंत्राटदाराला ती आवडते. पण अशा मातीतील ढेकळे एकजीव होत नाहीत आणि त्यांच्या फटींतून पाणी कित्येक पटींनी अधिक वाहते. या मुद्द्यावर जागेवर होणारे वाद आजही संपलेले नाहीत.

चुना वाढवला की काम भक्कम होते, हा समजही आम्हाला पुन्हा पुन्हा खोडावा लागतो. चुन्याने मातीचे कण सुरुवातीला गुठळ्या धरतात आणि पाझर वाढू शकतो. पुढे थर ठिसूळ होतो आणि कचऱ्याच्या भाराखाली जमीन कमीजास्त खचली की तडकतो. मातीत सल्फेट असेल, तर फुगणारे स्फटिक तयार होऊन थर उचलला जाण्याचा धोका वेगळाच.

व्यवहाराची खरी कसोटी मात्र प्रमाण ठरवताना लागते. ज्याच्याकडे राखेचे ढीग पडून आहेत त्याला ती शक्य तितकी खपवायची असते. अस्तराला ती गरजेपुरतीच हवी असते. म्हणून आम्ही उपउत्पादन देणाऱ्याकडून मोबदला घेत नाही. मिश्रणाची आखणी आणि जागेवरील देखरेख यांचेच शुल्क आकारतो. शिवाय राखेतूनच काही विरघळून बाहेर पडते का, हेही पाहावे लागते. अल्कधर्मी वातावरणात शिसे बऱ्याच अंशी जखडले जाते, पण आर्सेनिक, सेलेनियम आणि षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) मोकळे राहू शकतात. चाचणीत ते मर्यादेबाहेर आले, तर इतर गुण कितीही चांगले असले तरी आम्ही ती खेप नाकारतो. यापायी काही कामे हातची गेली, त्याची खंत नाही.

आता आम्ही पार्यतेची चाचणी नळाच्या पाण्यावर थांबवत नाही. नमुने आधी आळीपाळीने सुकवतो व भिजवतो आणि मग त्यांतून त्याच प्रकारच्या कचऱ्याचे लिचेट सोडतो, कारण त्यातील कॅल्शियमसारख्या क्षारांमुळे बेंटोनाइटचे फुगणे कमी होऊन थर सैल पडू शकतो. अशा चाचणीला अनेक आठवडे, कधी महिनेही लागतात. तेवढा अवधी कामाच्या वेळापत्रकात पहिल्यापासून धरावा, ही अट आम्ही आता करारातच लिहून घेतो.