आडत्याचं पोट

आमच्या लातूरच्या भुसार बाजारात आडत्याचं, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाचं, पोट ही त्याची पत असते. गादीवरचा माणूस भरलेला दिसला की शेतकऱ्याला वाटतं, इथं माल टाकला तर पट्टी, म्हणजे विकल्या मालाचे पैसे, बुडायची नाही. माझी पत गेल्या ऑगस्टात १०४ किलो होती. तीन महिन्यांची शुगर, ती एचबीए१सी म्हणतात ती, ९.१.

गोळ्या बारा वर्षांपासून चालू. सौद्याच्या गडबडीत त्या विसरायच्या, चहा मात्र कधी विसरला नाही. शेतकरी आला, चहा. खरेदीदार आला, चहा. दोघांचं भांडण मिटलं, पुन्हा चहा, आणि तोही पाकासारखा.

डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुचवलं, टिर्झेपटाइड. आधी विचारपूस केली: घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर? स्वादुपिंडाला सूज आली होती का कधी? पित्ताचे खडे? सगळ्याला नाही म्हटल्यावर चिठ्ठी मिळाली. थोरली बी. फार्म.ला आहे, तिनं रात्री समजावलं. जेवल्यावर आतड्यातून निरोप निघतो की इन्सुलिन सोडा, पोट भरलं. तो निरोप शरीरात काही मिनिटांत विरतो. हे औषध त्याचीच नक्कल, पण निम्मं व्हायलाच पाच दिवस घेतं. या घराण्यातलं पहिलं औषध अमेरिकेत २००५ साली मंजूर झालं, ते म्हणे एका विषारी सरड्याच्या लाळेवरून सुचलं. "हे आजीला सांगू नका," असंही तीच म्हणाली.

मार्च २०२५ मध्ये मौंजारो या नावानं ते भारतात आलं, तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ ची ४,३७५ ला होती. एक कुपी, एक आठवडा. मला सगळं क्विंटलमध्येच कळतं. सोयाबीन तेव्हा चार-सव्वाचार हजारांत घुटमळत होतं. म्हणजे दर शनिवारी मी क्विंटलभर सोयाबीन पोटात टोचून घेणार. सप्टेंबरच्या पावसात ज्याच्या शेंगा जागेवर कुजल्या, त्याच्यापुढं हा हिशोब मांडायची माझी छाती नव्हती. म्हणून बाजारात कुणालाच सांगितलं नाही. ही चूक झाली.

शनिवार अशासाठी की रविवारी दुकान बंद, मळमळलं तरी घरातच. पोरगी इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये ५० आकड्याच्या रेघेपर्यंत औषध ओढते, नखानं टिचकी मारून बुडबुडा वर आणते, बेंबीपासून चार बोटं सोडून टोचते. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. सुई कळतसुद्धा नाही. पहिला महिना करपट ढेकर आणि बद्धकोष्ठात गेला. एकदा काट्याजवळ उभ्या उभ्याच घामानं भिजलो, हात कापायला लागले, शुगर ६२. जुन्या गोळ्यांतली एक ती खाली ओढत होती, डॉक्टरांनी ती बंद केली. नंतर मात्र नवलच झालं. समोरच्या गाड्यावर भजी तळत होते, वास नाकात येत होता, आणि मी पावत्या लिहीत बसलो होतो. वीस वर्षांत पहिल्यांदा.

भूक नाही हे अंगाला सोसतं, माणसांना सोसत नाही. डिसेंबरात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. आमच्याकडं त्या दिवशी शहर रिकामं होतं, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, आत पूजेला मांडलेले पाच पांडव, मडक्यात लसूण लावलेली अंबिल, आणि काकूच्या हातची भज्जी. तूर, वाटाणा, ओला हरभरा, शेंगदाणे, पातीचा कांदा, चिंच, बेसन, सगळं एकाच पातेल्यात रटरटलेलं. सोबत बाजरीचे उंडे. मी एक उंडा आणि वाटीभर भज्जी खाऊन हात आखडला.

"का रं, खायलास का नाही? माझ्या हाताला चव राहिली नाही काय?"

काकू ७८ वर्षांची. तिला आतड्याचा निरोप काय सांगणार? दुसरा उंडा घेतला, वरून दोन तांबे अंबिल. अर्ध्या तासात कोपीमागं जाऊन सगळं बाहेर काढलं. हे औषध जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतं, त्यामुळं जास्तीचं पोटात मावतच नाही. परत आलो तर काकू वहिनीला हळूच सांगत होती, "पोराला कायतरी मोठं दुखणं हाय, सांगंना गेलाय."

मोठ्या दुखण्याची बातमी तीन दिवसांत बाजारात पोचली, फक्त वाटेत तिचं दिवाळं झालं. तोवर अकरा किलो उतरले होते, शर्ट खांद्यावरून लोंबत होते. तीन महिन्यांची शुगर ६.६ वर आली होती, पण ती कुणाला दिसते? दिसतं ते वाळलेलं तोंड. एकानं तर थेट विचारलं, तुरीच्या सौद्यात फटका किती बसला म्हणून.

मग औसा तालुक्यातले एक जुने शेतकरी आले. त्यांच्या पट्टीची मुदत अजून आठ दिवस होती. गादीच्या कडेला बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, माझ्या गळ्याकडं बघत म्हणाले, "मालक, माझी तेवढी पट्टी आजच करा."

वीस वर्षांत त्यांनी कधी तगादा लावला नव्हता. मग मात्र सगळं सांगितलं, कुपीची किंमतसुद्धा. बंद केलं तर भूक आणि वजन दोन्ही परत येतात, डॉक्टरांनी आधीच बजावलंय, हेही सांगितलं.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"दर आठवड्याला एक क्विंटल?"

"हो."

"आमच्या घरातलीला बी शुगर हाय. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या खाती." थोडं थांबून, "त्याबी चांगल्याच असतील की."

चांगल्याच आहेत, बंद करू देऊ नका, एवढंच मला बोलता आलं. मुनिमाला पट्टी करायला लावली. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, बंडीच्या आतल्या खिशात घातल्या आणि समोर आलेला चहा तसाच ठेवून निघाले.