सामायिक नकाशा, नोंद सहावी: दर्या आणि दऱ्या

मंडळी, सापडलं एकदाचं! आपल्या परिसरातल्या चांगल्या जागांच्या शिफारशींचा जो सामायिक नकाशा आपण करतोय, त्यातल्या ज्या डुप्लिकेट नोंदींनी पंधरा दिवस माझा जीव खाल्ला, त्यातला निम्मा घोळ डोळ्यांना न दिसणाऱ्या एका अक्षराने केला होता. उरलेला निम्मा अजून आहे तिथेच आहे. पण त्यावर आज दुपारी एक वेगळाच मार्ग सुचला, आणि तो पटला तर मागच्या वेळी ठरवलेला एका शीटचा आराखडा बदलावा लागेल. त्याकडे येतेच, आधी किरकोळ कामं सांगून टाकते.

समुद्रातल्या पिनांचा ढीग संपला. शीटमधल्या रिकाम्या कोठ्या आयात होताना शून्य धरल्या जात होत्या. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश म्हणजे गिनीच्या आखातातलं भर पाणी, म्हणून तेवढ्या शिफारशी तिथे जाऊन पडत होत्या. आता कोठी रिकामी असेल तर नोंद नकाशावर जातच नाही, ‘जागा ठरायची आहे’ या वेगळ्या यादीत थांबते.

अक्षांश-रेखांशांची अदलाबदलही मिटली. आपण लहानपणापासून ‘अक्षांश-रेखांश’ याच क्रमाने म्हणतो, लीफलेट (वेबपानावर नकाशा दाखवायचं कोडचं साधन) हेही तोच क्रम मागतं, पण जिओजेसनला (नकाशावरच्या जागा साठवायच्या फाइल-प्रकाराला) रेखांश आधी लागतो. त्याच्या २०१६ च्या प्रमाण-दस्तऐवजात, आरएफसी ७९४६ मध्ये, हे स्वच्छ लिहिलेलं आहे, तरी हात सवयीनेच चालतो. अक्षांश ९० च्या वर गेला तर चूक लगेच कळते. दोन्ही आकडे ९० च्या आत असले, तर ते उलटे पडलेत हे नुसतं बघून ओळखता येत नाही. म्हणून आपल्या परिसराभोवती एक चौकट आखली. पिन चौकटीबाहेर पडली की स्क्रिप्ट (मी लिहिलेला छोटा प्रोग्राम) दोन्ही आकडे उलटवून बघते, आणि उलटवल्यावर ती आत आली तर विचारते. मनाने काही बदलत नाही. परवा पहिल्यांदा सगळा नकाशा झूम करून पाहिला आणि एकही पिन भलतीकडे नव्हती, तेव्हा किती वेळ मी नुसती बघत बसले होते.

आता मुख्य दुखणं. साडेतीनशेच्या आसपास नोंदी जमल्यात आणि एकेका जागेच्या तीन-तीन, चार-चार पिना आहेत. प्रत्येकाने आपल्या पद्धतीने नाव लिहिलं, आपल्या फोनवरून जागा टिपली. मागच्या वेळी मी नियम मांडला होता: नाव सारखं आणि अंतर ५० मीटरच्या आत असेल, तर दोन्ही नोंदी एकच समजायच्या. कागदावर छान दिसत होता. प्रत्यक्षात त्याने सारख्या नोंदी वेगळ्या ठेवल्या आणि वेगळ्या नोंदी एकत्र केल्या.

नावांपासून सुरुवात करते. ओपनरिफाइन हे साधन मला मनापासून आवडतं. विस्कटलेली शीट सावरायला त्याच्यासारखं दुसरं साधन माझ्या तरी बघण्यात नाही, शिवाय ते मोफत आहे आणि आपल्याच संगणकावर चालतं. त्यातली फिंगरप्रिंट पद्धत शब्दांचा क्रम, विरामचिन्हं, जादा मोकळ्या जागा यांच्यावर छान चालते. उच्चारावरून जुळवणाऱ्या पद्धती मात्र आपल्या कामाच्या नाहीत. मेटाफोन इंग्रजी उच्चारांसाठी बनलंय आणि कलोन पद्धत जर्मनसाठी. त्यामुळे देवनागरी नावांसाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत स्वतःच लिहायला बसले.

चाचणीसाठी मुद्दाम तीन नावं जवळजवळ ठेवली होती. एक ‘दर्या दर्शन’, म्हणजे समुद्र दिसणारी जागा. आणि ‘दऱ्या दर्शन’ दोनदा, म्हणजे दऱ्या दिसणारी जागा, दोन वेगवेगळ्या फोनवरून टाइप केलेली. अपेक्षा साधी होती: दोन ‘दऱ्या’ जुळाव्यात, ‘दर्या’ वेगळा राहावा. स्क्रिप्टने तिन्ही नावं वेगवेगळी ठरवली. दोन ‘दऱ्या’ स्क्रीनवर एकाखाली एक ठेवून बघितल्या, मोठ्या करून बघितल्या, कुठेही तसूभर फरक नाही. शेवटी पायथनला दोन्हींतल्या पहिल्या शब्दाची लांबी विचारली. एक म्हणाला ५, दुसरा म्हणाला ६.

तिथे डोक्यात प्रकाश पडला. एकेक अक्षर सुटं करून छापलं. पहिल्यात द, ऱ, हलन्त, य, काना. दुसऱ्यात द, र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर, मग य, काना. हा जॉइनर स्क्रीनवर दिसत नाही. त्याचं काम एवढंच, की आधीच्या र्‌ चा रफार न होता तो आडवा, पापणीसारखा र व्हावा. म्हणजे आपला हा र लिहायचे दोन रस्ते आहेत: खालच्या टिंबाचा ऱ वापरून, किंवा साधा र आणि जॉइनर वापरून. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, दोन्ही ग्राह्य आहेत. दुसरा रस्ता जुन्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलाय. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून ऱ मिळतो. बाकीची साधनं काय उमटवतात, हे ज्याच्या त्याच्या कीबोर्डवर.

‘एनएफसी चालव ना’ असं इथल्या दोघांनी आधीच सुचवलं होतं. एनएफसी म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हेने साठवलेलं असेल तर ते एकसारखं करायची युनिकोडची रीत. चालवलं. र आणि नुक्ता (खालचं टिंब) सुटे लिहिले असतील तर एनएफसी त्यांचा एकसंध ऱ करतं, तेवढं काम नीट झालं. जॉइनरला मात्र ते हात लावत नाही.

मग सरळ उपाय केला, तो अंगाशी आला. सगळे जॉइनर पुसून टाकले. आता विचार करा: र, हलन्त, जॉइनर, य यातला जॉइनर गेला की उरतं साधं ‘र्य’. म्हणजे दुसऱ्या फोनवरच्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला आणि तो समुद्राला जाऊन मिळाला, पहिली ‘दऱ्या’ एकटीच राहिली. नको ते जुळलं आणि हवं ते तुटलं! त्या रात्री मी लॅपटॉप मिटून उठले.

दुसऱ्या दिवशी क्रम बदलला. आधी ‘र, हलन्त, जॉइनर’ जिथे असेल तिथे ‘ऱ, हलन्त’ करायचं. ते झाल्यावरच उरलेले जॉइनर पुसायचे. सगळ्यात आधी एनएफसी. बस, तीन ओळी. दोन ‘दऱ्या’ जुळल्या, दर्या वेगळा राहिला. ही चाचणी मी लागोपाठ चारदा चालवली, निव्वळ बघायला बरं वाटत होतं म्हणून.

त्याच ओघात ‘ॲ’ सापडला. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीची सवय म्हणून बरेच जण अजूनही अ वर चंद्र देतात, कधी मध्ये जॉइनर घालून, कधी न घालता. काहीजण ‘ऍ’ वापरतात. दिसायला जवळपास सारखी, पण संगणकाला ही सगळी वेगळी. सरसकट ‘ॲ’ करून टाकलं आणि ‘ॲकॅडमी’ असलेली सगळी नावं एका झटक्यात जुळली.

इथवर झाल्यावर हाव सुटली. म्हटलं, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि विसरलेले अनुस्वारही स्क्रिप्टनेच पकडावेत. लेव्हनश्टाइन अंतर लावलं, म्हणजे एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात याचं माप. मर्यादा ठेवली १. हा मार्ग देवनागरीतल्या छोट्या नावांवर लावू नका, कळकळीने सांगते. ‘नदी’ आणि ‘नंदी’ यांच्यातलं अंतर १. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांच्यातलंही १. तीन दिवस खर्चून जे वेगळं केलं होतं, ते या एका आकड्याने पुन्हा एकत्र केलं. आता हे अंतर फक्त शंका घ्यायला वापरते. ‘या दोन नोंदी बघून घ्या’ अशी यादी स्क्रिप्ट काढते, निर्णय माणसाचा.

अंतराच्या ५० मीटरचंही तेच. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत असतं, पण उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि पिन पलीकडच्या गल्लीत उमटते. त्यात कुणी आकडे छाटून पाठवतं. अक्षांशात दशांशचिन्हापुढचे पाच आकडे म्हणजे साधारण एक मीटरची नेमकी जागा, चार म्हणजे अकरा मीटर, आणि दोनच ठेवले तर एक किलोमीटरहून जास्त. मोठ्या बागेच्या दोन फाटकांवर दोघांनी पिन टाकली तर चारशे मीटरचं अंतर पडतं आणि बाग एकच असते. उलट एकाच इमारतीत तळमजल्यावर वाचनालय आणि वर संगीताचा वर्ग असेल, तर नकाशावर दोन्ही एकाच बिंदूत. एकच मर्यादा सगळ्यांना लावणंच मुळात चुकलं. बाग, तळं, टेकडी अशांना बिंदूऐवजी बाह्यरेषा द्यायची आणि पिन रेषेच्या आत पडते का बघायचं. इमारतीतल्या जागांना मजल्याचा कॉलम द्यायचा. ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर) मजल्यासाठी टॅग आहे, प्रवेशद्वारासाठीही आहे, तेच उचलू.

आता दुपारी सुचलेलं. शंकेची यादी तपासताना एका वाचनालयाच्या चार नोंदी समोर आल्या. एकाने लिहिलंय, मुलांचा विभाग उत्तम. दुसरीने लिहिलंय, संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही. तिसऱ्याने जुन्या मासिकांसाठी शिफारस केलीय. चौथी नोंद नुसतं नाव. मी यातली कुठली ठेवू आणि कुठल्या पुसू? एकही पुसायची नाही! ही चारही माणसं खरं सांगताहेत. जागा एक आहे, शिफारशी चार आहेत, आणि मी इतके दिवस दोन्ही एकाच ओळीत कोंबून मग ओळी कमी करायला बघत होते.

म्हणून प्रस्ताव असा: दोन शीट करूया. एकीत फक्त ठिकाणं, म्हणजे नाव, उर्फ नावं, जागा, प्रकार. दुसरीत फक्त शिफारशी, म्हणजे काय चांगलं, कुणासाठी, कधी लिहिलं, आणि ती कुठल्या ठिकाणाला जोडलीय तो क्रमांक. मग डुप्लिकेट निस्तरणं म्हणजे शिफारशीपुढचा क्रमांक बदलणं. चुकलं तर परत फिरवता येतं, कुणाचं लिहिलेलं हरवत नाही. ‘वाचनालय’ आणि ‘लायब्ररी’ असा घोळ असेल तर दुसरं नाव उर्फच्या कॉलममध्ये जाईल आणि शोधताना दोन्ही चालतील. मागच्या वेळचा एका शीटचा आराखडा मीच मांडला होता आणि तुम्ही त्यावर बरंच काम केलंत, हे मला ठाऊक आहे. जुनी शीट फोडून दोन करायची स्क्रिप्ट मी लिहिते, हाताने कुणाला काही करावं लागणार नाही.

क्रमांक आपलाच ठेवूया. ओपनस्ट्रीटमॅपचा क्रमांक जोडावा असं आधी माझ्या मनात होतं, पण तो टिकाऊ नसतो. कुणी बिंदू काढून तिथे इमारतीची रेषा आखली की क्रमांक बदलतो. खूण म्हणून बाजूच्या कॉलममध्ये असू दे. आणि पिन टाकताना कुठल्याही व्यावसायिक नकाशावरचे आकडे उचलून आणू नका. जागेवर उभं राहून टिपा किंवा ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्या, आणि नकाशाच्या कोपऱ्यात त्यांचं श्रेय ठेवा. त्यांच्या ओडीबीएल परवान्याची ती अटच आहे.

हे लिहिता लिहिता आणखी एक जाणवलं. शिफारस वेगळी झाली की तिला तारीखही आपोआप वेगळी मिळते. मग जुनी शिफारस नकाशावर फिकट दाखवता येईल, आणि ‘मी नुकताच जाऊन आलो, अजून तसंच आहे’ एवढं म्हणायला एक बटण देता येईल. ओपनस्ट्रीटमॅपवाले तपासल्याची तारीख वेगळ्या टॅगमध्ये ठेवतात, तसंच. यूमॅप या नकाशा बनवायच्या तयार साधनात रंग बदलणं सोपं आहे, बटण जमणार नाही. त्यासाठी लीफलेटवर स्वतःचं पान बांधावं लागेल. आतापर्यंत मी यूमॅपच्याच बाजूची होते, कारण कोड न लिहिता नकाशा उभा राहतो. या एका बटणासाठी मत बदलायची माझी तयारी आहे.

घरून काम करणाऱ्यांच्या शिफारशी अजून अडकून आहेत. शिकवणी असो की शिवणकाम, त्यांच्या घरावर नेमकी पिन टाकणं मला पटत नाही, निदान त्यांना विचारल्याशिवाय तरी नाही. तोवर अशा नोंदी मी नकाशाबाहेर ठेवल्यात. फोटोंमधली जागेची माहितीही चढवण्याआधी काढून टाकतेय, कारण फोन ती गुपचूप फाइलमध्ये लिहून ठेवतो.

एक मदत हवी आहे. प्रत्येकाने आपल्या फोनवर आणि संगणकावर ‘दऱ्या’ आणि ‘ॲकॅडमी’ हे दोन शब्द नेहमीच्या सवयीने टाइप करून, सोबत कीबोर्डचं नाव लिहून मला पाठवा. कॉपी-पेस्ट नको, टाइपच करा. कुठला कीबोर्ड काय उमटवतो त्याचा तक्ता करतेय. आतापर्यंत माझी दोनच उपकरणं तपासून झालीत आणि ‘ॲ’ दोन्हींवर वेगळा निघाला.