कर्वालो अपडेट: पान ४१ वरून सुटलो एकदाचा

मागच्या अपडेटला दीड महिना होऊन गेला आणि त्यात मी छाती पुढे काढून लिहिलेलं की श्रावण लागायच्या आत पुस्तक संपवतो, तर श्रावण लागला, अर्धा झाला, आणि मी पान ४१ वरच होतो. परवा रात्री सुटलो. म्हणून हे आज लिहितोय, नाहीतर तोंड दाखवायला जागा नव्हती.

नवीन कोण असेल त्यांच्यासाठी एवढंच, आमच्या बेळगावातल्या कट्ट्यावरचा बँकवाला आणि मी, आम्ही पैज लावलीय. तो धारवाडचा, घरी कन्नड, त्याने प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ मराठीत वाचायचं आणि मी तेजस्वींचं ‘कर्वालो’ कन्नडमधून. अनुवाद बघायचा नाही. जो मागं राहील त्याने अर्धा किलो कुंदा आणायचा. कर्वालोचा अनुवाद कुठं मिळतोय का तेही मी मुद्दाम शोधलेलं नाही, कुणाकडं असेल तर कृपा करून मला सांगू नका.

आता माझं कन्नड म्हणजे काय तर बाजारापुरतं, रिक्षापुरतं आणि भांडणापुरतं. शाळा मराठी माध्यमाची, कन्नड विषय होता पण तो पास होण्यापुरता, आणि खरी अक्षरओळख झाली ती बसच्या पाट्यांवर. पाटीवर तीन-चार अक्षरं असतात आणि बस कुठं जाणार हे आधीच माहीत असतंय, त्यामुळं आपल्याला वाचता येतंय असा एक गोड गैरसमज होऊन बसतो. पुस्तकात तसं नाही. प, व, ष, म ही सगळी एका आईची लेकरं, एकाला आत रेघ, एकाला शेपूट, डोळ्याला चष्मा असेल तर आणखी मजा. द, ध आणि थ तर नुसत्या एका चिरेचा नाहीतर ठिपक्याचा फरक. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लोंबतं, आणि ते लोंबताना आपलं रूप बदलून लोंबतं. त्यात आपला रफार. आपल्याकडं तो अक्षराच्या डोक्यावर बसतो, तिकडं अक्षराच्या मागं येऊन उभा राहतो आणि दिसतो हुबेहूब नऊच्या आकड्यासारखा. पहिल्या आठवड्यात मी ‘कर्म’ हा शब्द ‘कम ९’ असा वाचलेला आहे आणि पुढं तळटीप शोधलेली आहे. हसू नका.

ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ हा अजून एक छळ. सरावाला म्हणून रोज कन्नड पेपरातली एक बातमी वाचायचो, त्यात मथळा होता ‘बेळे हानी’, मी अर्थ लावला डाळीचं नुकसान, आणि घरी सांगितलं पण की डाळ महागणार. तो ए ऱ्हस्व होता, म्हणजे पीक. दीर्घ असता तर डाळ. गंमत अशी की बाजारात ‘तोगरी ब्याळी’ म्हणताना माझा जन्मात कधी घोटाळा झालेला नाही. ही गोष्ट तेव्हाच डोक्यात शिरायला पाहिजे होती, शिरली नाही.

तर पान ४१. (मुद्दा इथंच आहे, बाकी सगळं पाल्हाळ.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कर्वालो हे १९८० चं पुस्तक, पातळसं. तेजस्वी म्हणजे कन्नडचे मोठे कवी कुवेंपू यांचा मुलगा, शहर सोडून मुडिगेरेकडं कॉफीच्या मळ्यात जाऊन राहिलेला, फोटो काढणारा, मासे धरणारा माणूस. गोष्टीत एक शेतकरी, कर्वालो नावाचा शास्त्रज्ञ, मंदण्णा नावाचा मधमाश्यांच्या नादातला अवलिया आणि एक कुत्रा. आणि हे सगळे ज्याच्या मागं लागतात तो ‘हारुव ओती’. ओती म्हणजे सरडा हे मला कळलं, आपल्या भागात ओतिक्यात म्हणतातच. अडलो ते हारुववर.

पहिल्यांदा मी हार म्हणजे गळ्यातला हार धरून बसलो. मग हार म्हणजे हरणे. हरणारा सरडा, हरलेला सरडा, काहीच जमेना. मोबाईलमधल्या भाषांतराच्या ॲपला पानाचा फोटो दाखवला तर त्याने त्या परिच्छेदाचं असं काही केलं की मूळ पान सोपं वाटायला लागलं, ते ॲप त्या दिवशीच उडवलं. शेवटी किटेलसाहेबांच्या कोशाला शरण गेलो. १८९४ चा कोश, मंगळूरचा, बासेल मिशनवाल्या पाद्र्याने केलेला, त्याचा स्कॅन मी मागच्या वर्षी उतरवून ठेवलेला. तिथं हारुवचा अर्थ मिळाला: ब्राह्मण.

आता बघा माणसाचं डोकं कसं चालतं. मला जराही शंका आली नाही. उलट मी खूश झालो. ब्राह्मणी घार असते, ब्राह्मणी मैना असते, तर ब्राह्मणी सरडा का नसावा? मलनाडात, म्हणजे कर्नाटकातल्या घाटाकडच्या रानात, असेल एखादा, गळ्याला पांढरा पट्टा असेल जानव्यासारखा. हे मी वहीत लिहून ठेवलंय, तारखेसह. आणि त्या समजुतीने चार दिवस पुढची पानं वाचत होतो, शास्त्रज्ञ एवढा का वेडा झालाय या सरड्यासाठी ते काय कळेना, मंदण्णा हात पसरून काय दाखवतोय तेही कळेना, परत मागं यायचं, परत पान ४१.

शिवाय क्रियापदं. कोशात मूळ धातू असतो आणि पुस्तकात भलतंच रूप. ‘बंद’ म्हणजे आला, पण कोशात बघायचं ‘बरु’खाली. ‘एद्द’ म्हणजे उठला, तो ‘एळु’मध्ये. ‘बिद्द’ पडला, तो ‘बीळु’मध्ये. मराठी डोळ्याला ‘अवनु बंद’ म्हणजे तो बंद, दुकान असल्यासारखा. आणि शब्द एकमेकात घुसवून लिहितात, घर, त्यातला ‘मध्ये’ आणि त्यापुढचा ‘होता’ हे तिन्ही मिळून एकच लांबलचक शब्द, कुठं तोडायचा ते आपण ठरवायचं. त्यात ‘करतोय’ला पुस्तकी भाषेत ‘माडुत्तिद्दाने’ आणि आमच्याकडं ‘माडाकत्तान’. दोन्ही एकच, पण मला दुसरंच येतंय.

इथं कोशाबद्दल एक सांगून टाकतो कारण दोघातिघांनी विचारलेलं. किटेल भारी आहे, धातू, जुनी रूपं, म्हणी सगळं देतो, पण तो शंभर-सव्वाशे वर्षांमागच्या माणसासाठी आहे, चालू शब्दाचा अर्थ जुना सांगून आपल्याला खड्ड्यात घालतो. रोजच्या वापराला ‘अलर’ घ्या, व्ही. कृष्ण यांनी कित्येक वर्षं खपून केलेला कन्नड-इंग्रजी कोश, इंटरनेटवर फुकट, दीड लाखावर शब्द. मी आधी तिथंच बघितलं असतं तर चार दिवस वाचले असते, पण जुना कोश उघडून बसण्याचा एक रुबाब असतोय ना.

तर परवा. लाईट गेलेली, पाऊस धो धो, समोरच्या अज्जींच्या सोप्यावर बसलेलो, त्या इन्व्हर्टरच्या उजेडात शेंगा फोडत होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं वाचन बंद आहे. म्हणाल्या, “काय वाचूलास रे एवढं, तोंड वाकडं करून? मोठ्यांदा वाच की, मला पण ऐकू दे.” मी म्हटलं, अज्जी कन्नड आहे, मला येत नाही नीट. “मग काय झालं, वाच.” म्हणून पान ४१ मोठ्यांदा वाचायला सुरू केलं, अर्थाच्या मागं न लागता, नुसतं अक्षराला अक्षर जोडत, रेल्वेत पाटी वाचल्यासारखं. आणि ‘हारुव ओती’ आलं तशी शेंग हातातच ठेवून त्या म्हणाल्या, “अय्य, ओती हारतैती?”

मी म्हटलं, काय?

“हक्की हारतैतल्ल, हंग हारतैतेनु?” पक्षी उडतो तसा उडतो का म्हणून विचारूलेत त्या, आणि मी पुस्तक मांडीवर टाकून कपाळाला हात लावला. हारु. उडणे, उडी मारणे. लहानपणी विहिरीच्या काठावर उभं राहून कन्नड पोरं ओरडायची, “हारो ले, हारो!” आणि आम्ही धडाधड उड्या मारायचो, कुणी कधी अर्थ विचारला नाही. चाळीस वर्षं माझ्या कानात असलेला शब्द मी एका पाद्र्याच्या कोशात चार दिवस शोधत होतो.

उडणारा सरडा. शास्त्रीय नाव ड्राको. फासळ्या लांबून त्यावर कातडं ताणलेलं असतंय, ते छत्रीसारखं उघडून या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो, आपल्या सह्याद्रीच्या रानात आहे, दांडेलीच्या बाजूला पण. मंदण्णाचे हात पसरणं लख्खकन कळलं. जानव्याचा पट्टा मी वहीतून खोडला नाही, राहू दे तसाच.

पण खरा फायदा त्या एका शब्दाचा नाही झाला. त्या रात्री सात पानं वाचली. सात! आधी दिवसाला एक व्हायचं, तेही रडत. मोठ्यांदा वाचलं की तो लांबलचक जोडलेला शब्द आपोआप जिथं तुटायचा तिथं तुटतो, कारण बोलताना आपण तसंच जोडून बोलतोय, फक्त लिहिलेलं कधी बघितलेलं नसतंय. ‘बंद’ कानावर पडलं की तो आलाच, बंद झालेला नसतो. पुस्तकी रूप आलं तर मी वाचायचो ‘माडुत्तिद्दाने’ आणि अज्जी शेंगा फोडता फोडता ‘माडाकत्तान’ म्हणून पुढं सरकायच्या, आपणच दुरुस्त करून घेतलं त्यांनी. तिसऱ्या पानापासून तर मलाच ऐकू यायला लागलं. उमा कुलकर्णींनी कन्नड कादंबरीकार भैरप्पांचे एवढे मराठी अनुवाद केले ते नवऱ्याने, विरुपाक्षांनी वाचून टेप केलेलं ऐकत ऐकत, हे मी किती वेळा लोकांना कौतुकाने सांगितलंय, त्या पण बेळगावच्याच, आणि तरी स्वतःच्या वेळी मी गप बसून डोळ्याने टक लावून वाचूलो होतो. (कर्वालोमधल्या कुत्र्याचं नाव ‘किवी’ आहे. किवी म्हणजे कान. हे पण परवाच मोठ्यांदा वाचताना कळलं.)

आज पान ६८ वर आहे.

बँकवाल्याची खबर. त्याने ‘वनवास’ संपवलं. होय, संपवलं, आणि आता ‘शारदा संगीत’ मागूलाय. त्याला व्याकरणात घर का नपुंसक आणि भिंत का बाई हे अजून पटलेलं नाही, आणि ‘चाक’चा च आणि ‘चार’चा च एकाच अक्षराने लिहितात हे कळल्यावर तो खरंच चिडला, म्हणे तुम्ही आम्हाला रफारावरून नावं ठेवता. पण ‘वनवास’मधल्या लंपनची भाषा त्याला पुण्याच्या पेपरापेक्षा जवळची वाटली. आश्चर्य काय नाही त्यात, ती इकडचीच आहे, मधे मधे कन्नड सांडलेली. संत कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे, पण इंदिरा संतांचा मुलगा, कान इथंच तयार झालेला. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी ‘वनवास’पासूनच सुरू करा, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. मधूनच ‘झुंबर’ उचलू नका. कुंदा मला आणायला लागणार हे उघड आहे.

बाकी वाचन फार नाही. ‘रणांगण’ परत वाचलं, निपाणीला जाऊन येताना बसमध्येच झालं, १९३९ चं पुस्तक आणि अजून एक वाक्य शिळं नाही. ‘काजळमाया’ अर्धी सोडलीय, जीएंना एवढ्या पावसात वाचू नये असं माझं मत झालंय, थंडीत बघू.

पुस्तकं कुठनं घेता विचारणाऱ्यांना: कर्वालोची पहिली प्रत ऑनलाईन मागवलेली ती एका कोपऱ्यातून भिजून, पानं चिकटून आली, परत केली. दुसरी खासबागच्या रविवारच्या बाजारात जुन्या पुस्तकवाल्याकडं मिळाली, समासात कुणीतरी पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहिलेत, पण फक्त पहिल्या बारा पानांपर्यंत. त्या माणसाचं पुढं काय झालं असेल असं सारखं वाटतंय.

पुढचा बेत मागच्या वेळी सांगितलेला की यानंतर भैरप्पांचं ‘पर्व’ मूळातून. ते आता रद्द. म्हणजे हे लिहीपर्यंत रद्द नव्हतं, पण वरचं लिहिताना वाटलं की कानानेच वाचायचं असेल तर एवढा ठोकळा कशाला, कवी बेंद्रे घेऊ की. घरी मराठी, कविता धारवाडच्या बोलीतल्या कन्नडमध्ये, माडाकत्तानवाली माणसं आपण, आपल्याला ते जवळचं पडणार. ‘नाकु तंती’ नको, ते जड आहे म्हणूलेत सगळे, सुरुवातीच्या कविता बघतो. आणि बँकवाल्याला म्हणणार आहे की पैज सोड, आपण रेकॉर्डिंग करू, तो मला बेंद्रे वाचून पाठवेल, मी त्याला ‘शारदा संगीत’, रोज दोन-दोन पानं, रात्री चालताना ऐकायला. त्याचा च पण सुधारेल. कुणाला यात यायचं असेल तर कळवा, मात्र आवाज स्वतःचाच पाहिजे.

अज्जींनी काल विचारलं तो सरडा शेवटी सापडतोय काय. मी म्हटलं मला पण माहीत नाही. त्यावर त्यांनी मालिका बंद केली आणि म्हणाल्या उद्या साडेसातलाच ये. सव्वासात झालेत, सोप्यावरचा दिवा लागलाय, जाऊलो.