साखळी खालीच बांधायची

ओहोळाकडच्या बांधावरची बाभूळ जूनच्या वादळात मुळासकट आडवी झाली, तेव्हा आईचं पहिलं वाक्य होतं, "चला, बंबाची सोय झाली." घरावर सोलर आहे, स्वयंपाकाला गॅस आहे, पण आंघोळीला तिला बंबाचंच पाणी लागतं. त्यात आमचं गाव निफाड तालुक्यातलं. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागेतसुद्धा पहाटे शेकोट्या कराव्या लागतात, नाहीतर मण्यांना तडे जातात. जळण कितीही असलं तरी आमच्याकडे कमीच पडतं.

पावसाळाभर बाभूळ तशीच पडू दिली. काळ्या रानात चिखल असताना ट्रॅक्टर घालण्यात अर्थ नव्हता, नंतर द्राक्षाच्या गोडी छाटणीची (फळासाठीच्या छाटणीची) धांदल. शेवटी मागच्या महिन्यात दोन सुट्ट्या जोडून आल्या आणि मी, दादा आणि पुतण्या असे तिघं कामाला लागलो. मी सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे, शेती दादा बघतो. असं काम निघालं की आमचं भांडण ठरलेलं. त्याला उरकायचं असतं, मला आधी भोवतीनं फिरून बघायचं असतं.

या भांडणाचं मूळ चार वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा निंबाचं एक खोड ओढायला दादानं साखळी टॉपलिंकच्या (ट्रॅक्टरमागे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) पिनेला अडकवली होती. वर अडकवली की ओंडक्याचं नाक उचललं जातं, मातीत रुतत नाही, असा त्याचा हिशोब. ऐकायला पटतो. खोड दगडाला अडलं, दादानं रेस वाढवली आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली. स्टिअरिंगच्या वर मला दादाचं डोकं दिसायचं ते दिसेनासं झालं, नुसतं बोनेट आभाळाकडे. पाय क्लचवरच होता म्हणून वाचला. पुढची चाकं धाडकन खाली आपटली, आणि दोघंही पाच मिनिटं काही बोललो नाही.

मागची चाकं अडली आणि इंजिन जोर लावतच राहिलं, तर मागचा आस (ॲक्सल) फिरायच्या ऐवजी ट्रॅक्टरच आसाभोवती फिरायला बघतो. साखळी आसाच्या खाली, ड्रॉबारला (मागच्या ओढायच्या पट्टीला) असेल तर तीच ओढ पुढचं तोंड खाली दाबून धरते. आसाच्या वर बांधली तर तीच ओढ त्याला मागे उलटवायला हातभार लावते. उलटायला लागलेल्या ट्रॅक्टरवर क्लच दाबू म्हणेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. तेव्हापासून साखळी खालीच, यावर निदान भांडण नाही. नाक रुतू नये म्हणून ओंडक्याचं पुढचं टोक खालच्या बाजूनं तिरकं तासायचं, होडीसारखं. दोन मिनिटांचं काम.

आता बाभळीकडे. आडव्या पडलेल्या झाडाचा बुंधा अर्धवट उपटलेला असतो, मुळं मातीचा गड्डा घेऊन वर आलेली असतात आणि खाली खड्डा. खोडाच्या वजनानं तो गड्डा तोलून धरलेला असतो. खोड कापून सुटं केलं की बुडखा झटक्यात खड्ड्यात परत बसू शकतो. आमचा पुतण्या नेमका त्याच खड्ड्यात उतरून मुळांचा व्हिडिओ काढत होता. त्याला हाक मारून बाहेर काढला, थोडा चिडलाच. अर्ध्या तासानं शेवटचा काप पुरा झाला, तेव्हा बुडखा एकदा कुरकुरला आणि धप्पकन उभा राहिला. पुतण्यानं मोबाइल खिशात टाकला तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.

चेनसॉला आमच्याकडे सगळे कटरच म्हणतात. ज्या दुकानातून घेतलं तिथल्या माणसानं पुढच्या काळ्या दांडीबद्दल सांगितलं होतं, "हाताला फांदी लागू नये म्हणून असते." तो चेनब्रेक आहे हे मी घरी येऊन पुस्तकात वाचलं. चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. डावं मनगट त्या दांडीवर आपटतं आणि चेन जागच्या जागी थांबते, त्यासाठी ती आहे. रोज पहिला काप घ्यायच्या आधी मी ब्रेक लावून-सोडून बघतो, चेनचा ताण बघतो (पट्टीखाली लोंबायला नको, पण हातानं सरकली पाहिजे) आणि गळ्यातला टॉवेल काढून ठेवतो. हा शेवटचा मुद्दा दादासाठी आहे. त्याचा टॉवेल आंघोळीलासुद्धा गळ्यातून निघत नसावा.

खोडाचा मधला भाग ओहोळावर पुलासारखा टेकला होता. दोन्ही टोकांना आधार, मध्ये पोकळी. अशा ओंडक्याच्या पाठीत दाब असतो आणि पोटात ताण. वरून सरळ कापत गेलं की काप मिटतो आणि पट्टी चिमट्यात सापडते. म्हणून वरून साधारण तिसरा हिस्सा कापायचा, मग बाकीचं खालून वर. खालून कापताना मशीन तुमच्याकडे ढकलतं, त्यामुळे पाय रोवून उभं राहावं लागतं. टोक हवेत लोंबत असेल तर सगळं उलट, आधी खालून थोडं, मग वरून. हे मी सांगेपर्यंत दादानं वरून निम्म्याच्या पुढे कापलं होतं. पट्टी अडकली. मग लाकडी पाचर ठोकून, पहारीनं खोड उचलून धरून ती सोडवण्यात पाऊण तास गेला. उरकणाऱ्या माणसाचा वेळ असाच जातो, पण हे मी तेव्हा बोललो नाही.

ओहोळाच्या उतारावर उभं राहून तुकडे पाडणं मला नको होतं, म्हणून दहा फुटांचे तीन ओंडके करून खळ्यावर न्यायचे ठरले. जाडी सोळा इंच. अजून ओलसर असलेली बाभूळ घनमीटरला नऊशे ते हजार किलो धरली, तर एकेक ओंडका साडेतीनशे ते चारशे किलोच्या घरात गेला. आमच्या बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचं वजन टनभरही नाही. एका वेळी एकच ओंडका, डाव्या-उजव्या ब्रेकचे दोन्ही पेडल खटक्यानं जोडलेले, लो पहिला गिअर, आधी साखळीची ढील काढायची आणि मगच ओढ द्यायची. बांधाच्या उताराला आडवं जायचं नाही. नायलॉनचा दोर दादा घेऊन आला होता, तो मी परत पाठवला. दोर रबरासारखा ताणतो, तुटला की टोक कुठं जाऊन लागेल सांगता येत नाही. साखळीसुद्धा तुटू शकतेच, म्हणून पुतण्याला लांब निंबाखाली उभं केलं. त्याला मडगार्डवर बसायचं होतं. नाही म्हटलं तर म्हणतो, "काका, गावात सगळेच बसतात." बसतात खरं.

वाटेत दोन अडचणी होत्या, ठिबकच्या नळ्या आणि बागेच्या कडेचे ताणाचे तार. नळ्या गुंडाळून बाजूला घेतल्या. तारांपासून दहा फूट लांबून वळसा घातला, कारण ओंडका मागून कसा फिरेल ते ड्रायव्हरला कळत नाही. ताणाची एक तार तुटली तर मांडवाची अख्खी ओळ झुकते.

खळ्यावर काम निवांत झालं. जमिनीवर पडलेला ओंडका सरळ आरपार कापला तर चेन मातीत शिरते आणि एका सेकंदात धार जाते. म्हणून सोळा-सोळा इंचांवर आधी पाऊणभर काप घेत गेलो, मग पहारीनं ओंडका उलटा लोळवला आणि उरलेलं वरून पुरं केलं. दुसऱ्या ओंडक्यात ठिणग्या उडाल्या. कुंपणाची तार, कधीतरी आजोबांनी बांधलेली, झाडानं पोटात घेतलेली. चेन काढली, चहा घेतला आणि एकेक दात कानशीनं घासत बसलो. दर दाताला तितकेच हात, नाहीतर मशीन एका बाजूला ओढतं आणि काप वाकडा जातो. हे काम मला आवडतं. दादाला ते बघवतही नाही, तो बैलांकडे निघून गेला.

संध्याकाळी रास लागली. आई बाहेर आली, एक तुकडा उचलायला गेली आणि तसाच सोडून दिला.

"हे बंबाच्या नळीत जायचं कसं? माझं डोकं घालू का आधी?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मग कुऱ्हाड आणि घण आणायला पुतण्याला पाठवलं, आणि गळ्यातला टॉवेल काढून मडगार्डवर टाकला.