साधं की पावर?

परवा पंपावर परत तेच झालं. मी टाकीचं झाकण उघडतोय तोवर पोरानं नोझल उचललेलं, म्हणाला सर झिरो बघा, मी आपला इमानदारीत झिरो बघितला आणि रेट बघायचा राहिला. तीनशेचं टाकून झाल्यावर लिटर कमी दिसले तेव्हा कळलं की पावर, म्हणजे महागडं प्रीमियम पेट्रोल, टाकलंय. विचारलं तर म्हणतो, "सर पल्सरला पावरच टाकतात सगळे, गाडी स्मूथ पळती."

आता माझी पल्सर १५० आहे २०१२ ची, कार्ब्युरेटरवाली, सत्तर हजाराच्या वर पळालेली. तिला काय टाकावं यावर मी मागच्या तीन-चार वर्षांत एवढी डोकेफोड केलीय की त्या पोराला तिथंच लेक्चर द्यावंसं वाटलं, पण मागे लाईन होती, म्हणून इथं लिहितोय.

सुरुवात झाली मे २०२२ मध्ये. सासुरवाडी चिपळूणची. परत येताना मागे बायको, तिच्या मागे कॅरिअरला बांधलेल्या आंब्याच्या दोन पेट्या, दुपारचे दोन वाजलेले (सकाळी लवकर निघायचं ठरलेलं, पण सासुरवाडीहून कोण कधी लवकर निघालंय) आणि आम्ही पोफळीवरून कुंभार्ली घाट चढायला लागलो. मी चौथ्या गिअरमध्ये, स्पीड पस्तीसच्या आसपास, पुढे ट्रक, खाली तिसरा टाकायचा आळस आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळलेला. तेवढ्यात इंजिनातनं आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात हरभरे टाकून हलवल्यासारखा, खडखडखडखड. बायको मागनं म्हणाली अहो काहीतरी वाजतंय, मी म्हणलं पेटी सैल झाली असेल. पेटी नव्हती. तिसरा टाकला की आवाज बंद, परत चौथा टाकून पिळलं की चालू. घाटमाथ्यावर थांबून पेट्या चेक केल्या, चेन बघितली, काही सापडलं नाही.

साताऱ्यात आल्यावर मित्राला सांगितलं. त्याच्याकडे ड्यूक ३९० आहे त्यामुळं तो आमच्या ग्रुपचा इंजिनिअर. तो म्हणाला ही नॉकिंग आहे, तू साधं ९१ ऑक्टेनचं टाकतोस ना, ९७ चं टाक. टाकलं. पुढच्या वेळी यवतेश्वर घाट चढताना आवाज खरंच जवळजवळ गेला. झालं, मी प्रीमियमचा भक्त झालो, सहा-सात महिने लिटरमागं जास्तीचे पैसे घातले, ऑफिसमध्ये चार जणांना ज्ञानही वाटलं. त्यातल्या एकानं त्याच्या जुन्या क्लासिक ३५० ला टाकायला सुरुवात केली, त्याबद्दल त्याची इथं जाहीर माफी मागतो.

कारण ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नाही. हे आधी डोक्यातनं काढा. नंबर मोठा म्हणजे पेट्रोल जास्त जोरात जळतं असं आपल्याला वाटतं, खरं तर तो नंबर सांगतो की दाबल्यावर आणि तापल्यावर हे पेट्रोल आपलं आपण पेटायच्या आधी किती सहन करतं.

आमच्याकडे ऊस गेल्यावर पाचट पेटवतात ना, ते डोळ्यासमोर आणा. एका कडेला काडी लावली की आग सरळ रेषेत पुढं पुढं सरकत जाते, बांधापर्यंत पोचते, काम झालं. सिलिंडरमध्ये पण तसंच व्हायला पाहिजे, प्लगनं ठिणगी टाकली की तिथनं आग पसरत जाऊन पिस्टनला खाली ढकलणार. नॉकिंग म्हणजे आग निम्म्या शेतात असताना पलीकडचा कोपरा उन्हानं आणि धगीनं आपोआप भडकला. मग दाबाचा एकदम धक्का बसतो, तो आपल्याला खडखड म्हणून ऐकू येतो, आणि हे रोज चाललं तर पिस्टनचं डोकं, रिंगा, हेड गॅस्केट सगळ्याला भोगावं लागतं.

नंबर कसा काढतात तेही सांगतो. आयसोऑक्टेन नावाचा घटक नॉकिंगला चिवट, त्याला धरलं १००. हेप्टेन एकदम नाजूक, त्याला शून्य. तुमचं पेट्रोल टेस्ट इंजिनात ९१ टक्के आयसोऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं की ते झालं ९१. एवढंच आहे ते. त्यात ताकदीचा कुठं संबंध आला नाही.

यावरनं एक गंमत. माझा साडू न्यूजर्सीत असतो, तो एकदा व्हिडिओ कॉलवर म्हणाला आमच्याकडे सगळे ८७ टाकतात आणि तुमच्याकडे म्हणे ९१, म्हणजे भारतात पेट्रोल भारी मिळतं की. मलाही दोन मिनिटं अभिमान वाटला. मग कळलं की अमेरिकेत पंपावर जो नंबर लिहितात तो रॉन आणि मॉन अशा दोन टेस्टची सरासरी असतो आणि आपल्याकडचा नुसता रॉन, जो मोठा येतो. त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१. त्यामुळं यूट्यूबवर अमेरिकन माणूस ९१ टाका म्हणत असेल तर तो त्यांच्याकडच्या प्रीमियमबद्दल बोलतोय, आपल्या हिशोबात ते ९५-९६ च्या घरात जातं.

मग जास्त ऑक्टेन लागतं कुणाला, तर ज्या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त दाबलं जातं त्याला. कॉम्प्रेशन रेशो म्हणतात तो हाच, मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा. जुन्या यूसीई इंजिनच्या क्लासिक ३५० चा साडेआठ, नव्या जे सिरीजचा साडेनऊ, माझ्या पल्सरचा पण साडेनऊच्या आसपास, मित्राच्या ड्यूकचा साडेबाराच्या पुढं. साडेआठवाल्याला शंभर ऑक्टेन टाकणं म्हणजे गावातल्या पाणंदीला टोल भरणं. ड्यूकवाल्यानं विचार केला तर समजू शकतो, पण त्यानंही आधी मॅन्युअल उघडावं, त्यात किंवा टाकीच्या झाकणाजवळच्या स्टिकरवर कमीत कमी किती रॉन ते लिहिलेलं असतं. कंपनीनं गाडी ट्यूनच त्या नंबरवर केलेली असते. ज्या गाडीत नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर असतो तिचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त ऑक्टेन मिळालं तर ठिणगी थोडी आधी टाकून दोन पैसे वसूल करू शकतो, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या बाईकवर तो सेन्सरच नसतो, मग तिला कळणार कसं की तुम्ही महागडं टाकलंय.

बरं मग माझ्या साडेनऊवाल्या पल्सरला, जिला ९१ पुरायला पाहिजे होतं, नॉकिंग का झालं? हा प्रश्न मला पडायला सहा महिने लागले, आणि तोही मला नाही पडला, मिस्त्रींना पडला.

आमच्या गल्लीतले मिस्त्री साठीचे आहेत. मी मोठ्या तोऱ्यात म्हणलं गाडी ९७ वरच नीट चालते. ते म्हणाले, "ताप आला की रोज क्रोसिन खातोस का रे? ताप कशानं आला ते बघशील की नाही?" मग गाडी चालू करायला लावली, जागेवर टिकटिक येत होती, मी म्हणलं हीच ती नॉकिंग. ते हसले. ही टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची. टॅपेट जागेवर पण वाजतो, नॉकिंग फक्त लोड आला की येते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की जाते. एवढा साधा फरक मला सहा महिने माहिती नव्हता आणि मी ऑफिसात ज्ञान वाटत होतो.

सायलेन्सरमधनं सकाळी निळसर धूर येतोय हे त्यांनी बघितलं आणि हेड उघडायचं ठरवलं. उघडल्यावर पिस्टनच्या डोक्यावर काळा थर, तव्यावर जळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा, नखानं निघत नव्हता. व्हॉल्व्ह सील कडक झालेले, त्यातनं ऑइल खाली उतरून जळत होतं आणि त्याचा कार्बन साठत होता. मिस्त्रींनी डिझेलमध्ये भिजवून लाकडाच्या पट्टीनं खरवडला, लोखंडी काही लावलं नाही, ओरखडा पडतो म्हणून. हातात चिमूटभर काळी खपली घेऊन मला दाखवली, म्हणाले हे बघ तुझं नॉकिंग. कार्बननं जागा खाल्ली की तेवढंच मिश्रण कमी जागेत दाबलं जातं, म्हणजे कॉम्प्रेशन फुकटात वाढलं, शिवाय तो थर उष्णता धरून ठेवतो. त्यात मे महिना, दुपार, डबल सीट, दोन पेट्या आणि चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पिळलेलं इंजिन. सगळे साक्षीदार माझ्याच विरुद्ध.

सील बदलले, टॅपेट सेट केला, प्लग नवीन टाकला. त्यानंतर साधं पेट्रोल टाकून त्याच कुंभार्लीनं आलो, पुढच्या वर्षी, आंबे तीन पेट्या. एकदा मुद्दाम चौथ्यात पिळून पण बघितलं. काही वाजलं नाही. बायको म्हणाली नीट चालवा.

मायलेजचं पण लिहितो कारण लोक तेच विचारतात. सातारा-कराड माझं जाणं-येणं असतं, वहीत टाकी-टू-टाकी लिहून ठेवलंय. ९७ वर सरासरी ४९ आणि साध्यावर ४८, आणि माझा टाकी फुल करण्यातला फरकच यापेक्षा जास्त असेल, शिवाय त्या दोन हिशोबांच्या मधे हेडकाम झालंय. त्यामुळं त्या एका किलोमीटरवर कुणी गाडी विकत घेऊ नका.

प्रीमियममध्ये जे इंजिन साफ ठेवणारं केमिकल असतं ते वेगळं आणि ऑक्टेन वेगळं हेही लक्षात घ्या. कधी दोन्ही असतं, कधी नुसतं केमिकल. नावात पावर, स्पीड काहीही असो, नंबर विचारा. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी१०० आणलं, पुणे-मुंबईत मिळतं, लिटरला दीडशेच्या वर, ते मोठ्या सुपरबाईकवाल्यांचं खातं आहे. आमच्या ग्रुपमधल्या एकानं पुण्याहून स्प्लेंडरमध्ये भरून आणलेलं. फोटो काढला, स्टेटस ठेवलं, गाडी होती तशीच होती.

आणि आता तर सगळा हिशोबच बदललाय. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभरच्या वर असतं, त्यामुळं २० टक्के मिसळलं की नंबर वर जातो. पेट्रोलियम मंत्रालयानंच २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की बीएस-२ च्या (प्रदूषणाच्या जुन्या सरकारी नियमांच्या) काळात ८८ होतं, बीएस-६ ला ९१ झालं आणि ई२० मुळं ९५. म्हणजे आमच्या बाबांची स्प्लेंडर जी ८८ वर मजेत पळायची तिला आता न मागता ९५ मिळतंय, आणि पंपावरचं पोरगं मला ९५ च्या नावाखाली काय विकणार सांगा.

पण म्हणून जुन्या गाड्यांचं भलं झालं असं नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. निती आयोगाच्या २०२१ च्या रिपोर्टमध्ये दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्के कमी होईल असा अंदाज दिलेला. शिवाय त्यात ऑक्सिजन असतो, त्यामुळं कार्ब्युरेटरवाली गाडी, जी स्वतःहून पेट्रोल वाढवू शकत नाही, ती लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) चालते, जरा जास्त तापते. आणि इथेनॉल पाणी ओढतं. बाबांची स्प्लेंडर जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर उभी होती, सातारचा पाऊस तुम्हाला माहितीय, नंतर सुरूच होईना. मिस्त्रींनी कार्ब्युरेटरची वाटी काढून काचेच्या ग्लासात ओतली तर खाली वेगळा थर बसलेला स्पष्ट दिसत होता. आता बाबा एकतर टाकी फुल ठेवतात नाहीतर दोन दिवसाआड भाजी आणायला काढतात. इथेनॉल आमच्याच उसाचं, त्यामुळं घरात त्याविरुद्ध बोलायची सोय नाही, काका कारखान्याचे सभासद आहेत.

तर सध्या मी साधंच टाकतो, गर्दीच्या पंपावर, जिथं टँकर सारखे खाली होतात. घाटात गिअर खाली टाकायचा आळस करत नाही. डोक्यात आता एकच किडा आहे, पल्सरचा मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकावा का, ई२० वर प्लग पांढरट दिसतोय, म्हणजे लीन चालतेय, म्हणून. मिस्त्री म्हणतात आधी हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू पाव पाव आट्यानं फिरवून बघू. कुणी जेट बदलून बघितला असेल तर प्लगचा रंग आधी कसा होता आणि नंतर कसा झाला तेवढं सांगा.