डबल बेल द्यायच्या आधी

कोल्हापूर–गगनबावडा रस्त्यावर गळीत हंगामात गाडी काढायची म्हणजे चालकाची कसोटी. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रखडत चाललेले असतात, मागे वाहनांची रांग लागते आणि रस्ता जरा मोकळा मिळाला की जो तो गेलेला वेळ भरून काढायला बघतो. मी या मार्गावर एसटीचा वाहक आहे. संध्याकाळची आमची फेरी म्हणजे शाळेच्या मुलींचीच फेरी. बारावीपर्यंत त्यांना पास मोफत आहे, त्यामुळं आडगावातल्या पोरीही आता नेमानं शाळेला येतात. याचं मला फार बरं वाटतं.

त्या दिवशी एका फाट्यावर गाडी थांबली. फाटा वळणाच्या तोंडावर, दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस. गाव उजव्या बाजूला आणि आमचं दार डावीकडं. म्हणजे उतरेल त्याला रस्ता ओलांडणं आलंच. मोठ्या मुली भराभर उतरून गाडीच्या तोंडावरून पलीकडं गेल्या. मागं राहिलेली एक लहानगी, पाचवीतली असेल, दप्तर सावरत त्यांच्यामागं पळाली.

तेवढ्यात ड्रायव्हरसाहेबांनी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. उजव्या आरशात त्यांना रांगेतून सुटलेली पिकअप दिसली होती. त्यांनी हात खिडकीबाहेर काढून 'थांब, थांब' असं खुणावलं. पिकअपवाला कुठला थांबतोय! "मास्तर, पोरगी!" एवढंच मला ऐकू आलं.

मी दारापाशी खालीच उभा होतो. धावत पुढं गेलो आणि बंपरच्या उजव्या टोकाशी पोचलेल्या त्या पोरीचं दप्तर धरून मागं ओढलं. पिकअप आमच्या अंगावरून वारं घालत गेली. दप्तराची चेन फाटली, जेवणाचा डबा गाडीखाली घरंगळला. ती रडली नाही. "काका, माझा डबा," म्हणाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, धोका गाडी पळत असताना असतो. वाहकाला विचारा. गाडी उभी असतानाच माझा जीव जास्त टांगणीला असतो. आमची गाडी साधारण अकरा मीटर लांब. साठच्या वेगानं येणारं वाहन ती एका सेकंदाच्या आत मागं टाकतं. गाडीआडून कुणी बाहेर आलं तर त्याला ब्रेकवर पाय न्यायलाही वेळ मिळत नाही. वळणावर रस्त्याची मधली पट्टी अखंड असते ती याचसाठी, तिथं ओव्हरटेक करायचाच नाही. आणि बंपरला लागून चालणारं लहान मूल उंच सीटवरच्या चालकालाही दिसत नाही. मी बघितल्याशिवाय डबल बेल दिली, तर ते पोर आमच्याच गाडीखाली येईल.

"मास्तर, सोडा की गाडी आता, उशीर व्हायलाय," आतून एकजण ओरडला. ड्रायव्हरसाहेबांनी इंजिनच बंद केलं. "पोरीला पलीकडं सोडून येऊ देत त्यांना, मग निघू," म्हणाले. मग कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीतच सगळ्या मुलींना सांगितलं : उतरलं की साइडपट्टीवर उभं राहायचं. गाडीच्या पुढनं नाही, मागनंही नाही. गाडी निघून जाऊ दे, दोन्हीकडचा रस्ता नजरेला पडू दे, मग ओलांडायचं. त्यावर एक नववीतली म्हणाली, "पण काका, गाडी गेली तरी वळणावरचं दिसतंय कुठं?" तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. आगारात सांगून आम्ही थांबा वळणाच्या अलीकडं, दूध संस्थेसमोर सरळ रस्त्यावर घेतला. मुलींना चार पावलं जास्त पडतात, पण कुणाची तक्रार नाही.

डाव्या बाजूचं दुखणं मात्र अजून आहे. गाडी थांबली की दार आणि साइडपट्टी यांच्या मधून दुचाकीवाले घुसतात. ओव्हरटेक उजवीकडून करायचा, हे लायसन काढताना प्रत्येकाला सांगितलेलं असतं. म्हणून मी आधी दार थोडंच उघडतो, वाकून मागं बघतो आणि मगच उतरू देतो. परवा बाजाराची पिशवी घेतलेल्या एका आजींना पायरीवर थांबवलं, तर त्या रागावल्या. खालून एक मोटरसायकल सणकन गेली तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि मागच्या बाईला म्हणाल्या, "थांब गं, मास्तर सांगतील तवाच उतरायचं."