दशमीच्या ओहोटीला बुजवलेली खांड

पिठोरी अमावस्येच्या उधाणात धरमतर खाडीकाठच्या आमच्या खारबंदिस्तीला, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या मातीच्या बांधाला, खांड गेली. भगदाड चांगलं 8 मीटर रुंद. आधी सगळ्यांनी उघाडीकडे, म्हणजे शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायच्या बांधातल्या दाराकडे, धाव घेतली. बांध फुटतो तो बहुधा तिथेच, कारण काँक्रीट आणि चिखलाच्या सांध्यातून पाणी वाट काढतं. पण उघाडी शाबूत होती. बांध फुटला होता होड्यांकडे उतरायच्या पायवाटेपाशी. रोजच्या वहिवाटीने आणि मोटरसायकलच्या चाकोऱ्यांनी तिथला माथा वीतभर खचला होता. भरतीचं पाणी तेवढ्याच जागेतून आत सांडलं आणि आतला उतार कापत गेलं. माथ्यावरून पाणी गेलं की मातीचा बांध असा पाठीमागून ढासळतो.

खांड त्याच दिवशी बुजवायला जाणं म्हणजे गोण्या वाया घालवणं. उधाणात तोंड अरुंद केलं की पाण्याचा वेग वाढतो आणि तळ खरवडला जातो. म्हणून भांगाची, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मधल्या कमी जोराच्या भरतीची, वाट पाहायची. तोवर तुटलेल्या दोन्ही टोकांना बांबूचे खुंट ठोकून पेंढ्याचे भारे आणि गोण्या लावल्या. हे केलं नाही तर 8 मीटरचे 15 व्हायला दोन भरत्या पुरतात.

खांडीच्या तळाशी 2 मीटरचा डोह पडला होता. डोहात भर टाकू नये, तो गिळत राहतो. त्याला आतल्या बाजूने वळसा घालून अर्धगोल बांध घेतला आणि मध्ये 4 मीटर वाट मोकळी ठेवली. तिच्या तळावर गोण्यांचे दोन थर आधीच अंथरले होते.

मुहूर्त दशमीचा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. दशमीला साडेसातची भरती, म्हणून दीडच्या सुमारास ओहोटी. खाडीत आत थोडी उशिरा. आदल्या दिवसांत गौरी-गणपती, त्यामुळे माणसं मिळवणं हेच सर्वांत अवघड काम होतं.

वाट 4 मीटर रुंद, दीड मीटर उंच आणि दीड मीटर जाड बुजवायची, म्हणजे 9 घनमीटर. पाऊण भरलेली गोणी साधारण 0.03 घनमीटर, 300 लागणार म्हणून 360 भरून ठेवल्या. गोणी ठासून भरली तर नीट बसत नाही, फटी राहतात. दोन्ही बाजूंनी सरकत न येता पूर्ण रुंदीवर एकेक थर चढवला, विटांसारखे सांधे मोडून. प्रत्येक थरावर चिखल तुडवला.

पावणेचारला माथा बांधला आणि आतल्या पायथ्याशी पाझर दिसला. नितळ पाझर चालतो. हा गढूळ होता, म्हणजे आतली माती निघून चालली होती. असा पाझर आतून दाबायचा नसतो. पाणी दुसरीकडून फुटतं. खाडीच्या अंगाने ताडपत्री सोडली, तिच्यावर चिखल आणि गोण्या टाकल्या. अर्ध्या तासात पाणी निवळलं.

माती आणायची कुठून, हा वेगळाच ताप. समोरच्या तिवरांतून, म्हणजे कांदळवनातून, उचलता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने कांदळवन आणि त्याभोवतीचं 50 मीटर क्षेत्र राखलेलं आहे. तसंही तिवर लाटांचा जोर मोडतात, त्यांना हात लावू नयेच. पण खांड दोन-तीन वर्षं उघडी राहिली तर तिवर शेतातही उगवतात, आणि मग बांधाची दुरुस्तीच परवानगीत अडकते.

आमची खारबंदिस्ती सरकारी नाही, खाजगी योजना आहे, म्हणून खर्च जमीनधारकांचा, गुंठ्यामागे वर्गणी. खांड गेल्यावर आठवड्यात पैसे जमले. खचलेल्या माथ्यावर पावसाळ्याआधी माती टाकायला मात्र कुणी खिसा उघडला नव्हता. उंचवट्यावरचे म्हणतात, आमच्याकडे पाणी येत नाही. उघाडी तुंबली की पावसाचं पाणी त्यांच्याही शेतात उभं राहतं, हे त्यांना दाखवावं लागतं.

खांड भाद्रपदात बुजली हे त्यातल्या त्यात बरं. उरलेल्या पावसाचं पाणी शेतात साठवून ओहोटीला उघाडीतून सोडलं, पुन्हा साठवलं. थोडा खार निघाला. पूर्ण निघायला आणखी पावसाळे लागतात.

पायवाट बंद केली नाही. बंद केली तर लोक शेजारून नवी पाडतात. तिथे दोन्ही उतारांवर दगड बसवले आणि माथा बाकी बांधापेक्षा 30 सेंटीमीटर उंच घेतला, कारण खाडीची माती सुकताना बसतेच.